जरा सरकून घ्या

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी मला सांगितलं, "या वर्षी संगणकावर काहीतरी बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला." तेव्हापासून मला जो भेटतो तो विचारतो की मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल बोलणार का. त्याबद्दल पोलीस खात्यातली माणसं माझ्यापेक्षा जास्त अधिकारानं बोलतील. मी फार लहान विषय घेतला आहे. तयार असलेल्या यादीत मधोमध एक नाव कसं घालायचं, एवढाच. पर्ल नावाच्या संगणकभाषेत हे काम एका ओळीत होतं. एका ओळीसाठी अर्धा तास कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यांनी थोडा धीर धरावा. ओळ सोपी आहे, तिच्यानंतर जे होतं ते सोपं नाही.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. राज्य सरकारच्या नोकरीत आहे आणि सरकारी नोकरी म्हणजे याद्या. पदांची यादी, बदल्यांची यादी, थकबाकीची यादी, मंजुरीची यादी. आमच्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेले पर्लचे छोटे छोटे प्रोग्राम अजून चालतात. नवीन सॉफ्टवेअरं आली आणि गेली, पण मजकुराच्या मोठ्या फाइली चाळायच्या, त्यातून हवं ते वेचायचं आणि अहवाल काढायचा, या कामाला पर्ल अजून पुरतं.

ही भाषा लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी केली. १९८७ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा बाहेर आली आणि आज जी पाचवी आवृत्ती वापरात आहे तिचा आरंभ १९९४ चा. या वॉलसाहेबांचं शिक्षण भाषाशास्त्राचं, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच बहुधा पर्लमध्ये चक्क वचन आहे! एक वस्तू असेल तर नावाच्या आधी डॉलरचं चिन्ह, अनेकांची रांग असेल तर ॲटचं चिन्ह. आपण 'मुलगा' आणि 'मुलगे' म्हणतो तसंच. आणखी गंमत म्हणजे रांगेतल्या एकाच माणसाबद्दल बोलायचं असेल तर ॲट जाऊन पुन्हा डॉलर येतो, कारण आता आपण एकवचनात बोलतो आहोत. नव्या मुलांना याचा त्रास होतो. मराठी व्याकरण धड शिकलेल्या मुलाला तो होऊ नये.

या रांगेला संगणकवाले 'ॲरे' म्हणतात. आपण तिला पंगत म्हणू. मुलांनो, तुम्ही बुफेच्या काळातले, पण आपल्या मंडळात महाप्रसादाला अजून पंगत बसते, तेव्हा तुम्हाला ती माहीत आहे. एकाला लागून एक पाट, प्रत्येक पाटाची जागा ठरलेली, मध्ये मोकळी जागा नाही. ॲरे तशीच असते.

पहिली अडचण मोजण्याची. पर्लमध्ये पहिल्या पाटाचा क्रमांक १ नाही, ० आहे. याला इंडेक्स म्हणतात. माझी पुतणी मला म्हणाली, "काका, शून्य नंबरवर कोण बसतं?" मी तिला सांगितलं, तो नंबर नाहीच. तुझ्या आधी किती माणसं बसली आहेत, त्याचा तो आकडा आहे. पहिल्याच्या आधी कुणी नाही, म्हणून शून्य. तिसऱ्याच्या आधी दोन, म्हणून दोन. एवढं डोक्यात बसलं की पुढे अडत नाही.

पंगतीच्या टोकांना काही कष्ट नसतात. शेवटी एक पाट वाढवायचा तर 'पुश', शेवटचा उठवायचा तर 'पॉप'. सुरुवातीचा काढायचा तर 'शिफ्ट', सुरुवातीला बसवायचा तर 'अनशिफ्ट'. चार शब्दांत टोकांचं काम संपलं.

खरी कसोटी मधली. समजा वीस माणसांची पंगत बसली आहे आणि मुलाकडचे मामा उशिरा आले. त्यांना टोकाला बसवलं तर रुसतील. व्याह्यांच्या शेजारी, सहाव्या पाटावरच बसवायला हवं. मग यजमान हात जोडून म्हणतात, "जरा सरकून घ्या." सहाव्यापासून विसाव्यापर्यंत सगळे एकेक पाट सरकतात. सरकताना सुरुवात कोण करतं, हे कधी पाहिलं आहे का? शेवटचा. तो सरकल्याशिवाय त्याच्या आधीच्याला जागाच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पर्लमध्ये या सगळ्याला एकच शब्द आहे, 'स्प्लाइस'. हा मूळचा दोरखंडवाल्यांचा शब्द. दोन दोरांचे पीळ सोडवून ते एकमेकांत गुंफून एक दोर करणं म्हणजे स्प्लाइस. गाठ नाही मारायची, गुंफायचं. स्प्लाइसला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कोणती पंगत, कुठल्या जागी, तिथून किती उठवायचे आणि कोणाला बसवायचं.

आपण इंदूरची माणसं, तेव्हा उदाहरण होळकरांचं घेऊ. शाळेतल्या एखाद्या मुलाला राज्यकर्ते क्रमानं विचारले तर तो सांगतो मल्हारराव, अहिल्याबाई, तुकोजीराव, काशीराव, यशवंतराव. यात एक नाव राहिलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, त्यानंतर गादीवर अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव आले. वर्षभरही त्यांना मिळालं नाही, १७६७ मध्ये ते वारले आणि मग अहिल्याबाईंनी राज्य हाती घेतलं. थोडक्या काळाची नावं यादीतून अशीच गळतात. तर मालेरावांना त्यांच्या जागी बसवायचं आहे. संगणकावर हे रोमन अक्षरांत लिहितात, इथे देवनागरीत लिहितो:

स्प्लाइस (@राज्यकर्ते, १, ०, 'मालेराव');

म्हणजे राज्यकर्त्यांच्या यादीत, एक नाव सोडून पुढच्या जागी, कुणालाही न उठवता, मालेरावांना बसव. अहिल्याबाईंपासून सगळे एकेक जागा पुढे सरकले. काम झालं.

त्यातला तो मधला शून्य मला फार आवडतो. बसवायची आज्ञा आणि उठवायची आज्ञा एकच आहे, फरक फक्त या आकड्याचा. चुकून ० च्या जागी १ लिहिलंत तर मालेराव बसतील, पण अहिल्याबाई उठतील! यादी पुन्हा पाचांचीच राहील. पर्ल कुरकुरही करणार नाही, कारण एकाला उठवून दुसऱ्याला बसवा, हीसुद्धा रीतसर मागणी आहे. उठवलेलं नाव ते तुमच्या हातात परत देतं खरं, पण ते झेलायला तुम्ही हात पुढे केला नसेल तर ते गेलं. इंदूरच्या राज्यकर्त्यांच्या यादीतून अहिल्याबाई गेल्या आणि प्रोग्राम म्हणतो सगळं ठीक आहे. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, स्प्लाइस लिहिलंत की आधी तिसरा आकडा वाचा.

आणखी थोडं सांगतो, मग पुढे जाऊ. जागा शेवटाकडून मोजायची असेल तर उणे आकडा देता येतो. उणे एक म्हणजे शेवटच्याच्या आधी. पंगत वीस पाटांची आणि तुम्ही पन्नासाव्या जागी बसव म्हणालात तर पर्ल शेवटी बसवतं, आणि सूचना चालू ठेवल्या असतील तर एक इशारा देतं. मध्ये रिकामे पाट मांडत नाही. शहाणा वाढपीही हेच करील.

वाढप्यावरून आठवलं. पंगतीत वाढपी वरण वाढत चालला आहे आणि त्याच वेळी मागून कुणी माणसं सरकवतं आहे, अशी कल्पना करा. ज्याला वाढलं तो पुढच्या पाटावर गेला, त्याला पुन्हा वरण. कुणाच्या पानात दोनदा, कुणाच्या पानात काहीच नाही. पर्लमध्ये एखाद्या ॲरेवरून लूप फिरत असताना त्याच ॲरेत स्प्लाइस केलं तर नेमकं हेच होतं. भाषेच्या माहितीपुस्तकात साफ लिहिलं आहे की असं करू नका. तरी लोक करतात.

ज्यांना आतलं यंत्र पाहायची हौस आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. सरकतात ती माणसं नव्हेत. ॲरेच्या प्रत्येक घरात खुद्द नाव नसतं, नाव जिथे ठेवलं आहे त्या जागेचा पत्ता असतो, आणि सरकतात ते हे पत्ते. त्यामुळे नाव दोन अक्षरी असो की अर्ध्या पानाचं, सरकायला कष्ट सारखेच. लाखभर नावांची यादी असली तरी एखादं नाव मध्ये घालायला डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण हजारो नावं अशी एकेक करून घुसवायची असतील तर तो मूर्खपणा आहे. सगळी शेवटी जोडा आणि एकदाच क्रम लावा. पंगत पाचशे वेळा सरकवण्यापेक्षा ती नव्यानं मांडलेली बरी.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला तिकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातली ग्रेडेशन लिस्ट, म्हणजे ज्येष्ठतेची यादी, माझ्यासमोर आली. कार्यालयाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. नोकरीतल्या माणसांना ठाऊक आहे की या यादीतली जागा म्हणजे बढती, आणि बढती म्हणजे पुढे पेन्शन. तीन कर्मचाऱ्यांची नावं यादीत राहून गेली होती. त्यांनी अर्ज केले, ते मंजूर झाले. आदेश निघाला की पहिलं नाव क्रमांक १८ च्या आधी, दुसरं ४१ च्या आधी आणि तिसरं ६० च्या आधी घ्यावं. आदेश अगदी बरोबर होता. प्रोग्राम चालवणाऱ्यानं आदेशाच्या क्रमानंच नावं घातली, आधी १८, मग ४१, मग ६०.

आता बोटं मोजा. १८ च्या जागी पहिलं नाव बसलं, ते बरोबर बसलं. पण त्याच क्षणी मागचे सगळे एकेक सरकले. जुने ४० नंबरचे गृहस्थ आता ४१ वर आहेत. प्रोग्रामनं दुसरं नाव ४१ च्या जागी घातलं, म्हणजे ते जुन्या ४० च्या आधी बसलं. एकाच्या डोक्यावर. आता सरकणं दोन झालं, म्हणून तिसरं नाव जुन्या ५८ च्या आधी बसलं, दोघांच्या डोक्यावर. एकूण संख्या बरोबर, तिन्ही नावं हजर, आदेशातले आकडे आणि छापलेले आकडे हुबेहूब तेच. साहेबांनी आकडे ताडून सही केली असती तर त्यांना दोष कसा देणार?

हे लक्षात आलं ते जुन्या ५८ नंबरच्या बाईंमुळे. त्यांच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं आणि बढतीच्या जागा थोड्या होत्या. दोन नावं आपल्या आधी घातली, म्हणजे आपण ६० व्हायला हवं, आपण ६१ कसे झालो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांना पर्ल येत नव्हतं. पण बेरीज येत होती.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो पंगतीतच आहे. सुरुवात शेवटाकडून करा. आधी ६० च्या जागी घाला, मग ४१, मग १८. शेवटी घातल्यानं आधीचे कुणी हलत नाहीत, म्हणून आदेशातले आकडे शेवटपर्यंत खरे राहतात. ती यादी मग तशीच काढली आणि बाई ६० वर आल्या. पर्लमध्ये यासाठी वेगळं काही लागत नाही, जागांचे आकडे उतरत्या क्रमानं लावून मग स्प्लाइस करायचं.

पण याच्याही खाली एक प्रश्न आहे. मध्ये जागा करणं हे संगणकाला अवघड नाही. अवघड हे आहे की यादीबाहेर कुणी कुणी त्या आकड्यांवर विसंबून बसलं आहे, ते स्प्लाइसला ठाऊक नसतं. जुन्या ट्रेनिंगच्या आदेशात 'ज्येष्ठता क्रमांक ४१ ते ५०' लिहिलेलं असतं. कोर्टातल्या एखाद्या कागदात तोच आकडा असतो. यादी सरकली, ते कागद सरकले नाहीत. आता ४१ म्हणजे दुसराच माणूस.

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. आमच्या शिक्षणाच्या काळात जी-डब्ल्यू बेसिक होती. तिच्यात प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे आणि आम्ही १, २, ३ देत नसू. १०, २०, ३० देत असू, मध्ये कधी ओळ घालायची झाली तर १५ देता यावा म्हणून. जागा संपल्याच तर 'रीनम' नावाची आज्ञा होती. ती सगळे क्रमांक नव्यानं द्यायची आणि जिथे जिथे 'अमुक ओळीवर जा' लिहिलं असेल तिथले आकडेही बदलायची. हे दुसरं काम महत्त्वाचं. पाट सरकवायचा आणि त्या पाटाच्या नावानं आलेला निरोपही नव्या जागी पोचवायचा.

आपली राज्यघटना पाहा. १९५० मध्ये तिच्यात ३९५ अनुच्छेद होते. पुढे कितीतरी नवे मध्ये घातले गेले, पण मागचा एकही सरकवला नाही. शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं आला, तो २१ आणि २२ च्या मध्ये, '२१-क' म्हणून. शेवटच्या अनुच्छेदाचा क्रमांक आजही ३९५ च आहे. २२ ला २३ केलं असतं तर आधीच्या प्रत्येक निकालपत्रातला २२ खोटा पडला असता. आपल्या पटवाऱ्याचंही हेच शास्त्र. खसरा ११२ चे दोन तुकडे झाले तर ११२/१ आणि ११२/२ होतात. ११३ वाल्याला कुणी सांगत नाही की तू आता ११४ झालास.

आणि सगळ्यांत सुंदर उदाहरण भिंतीवरच्या पंचांगात आहे. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगकर्ते वर्षाच्या मध्येच एक अख्खा महिना घालतात. २०२३ मध्ये श्रावणाच्या आधी अधिक श्रावण घातला. मागचे सगळे सरकले, म्हणून आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला आलेले गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला आले. पण गडबड झाली का? नाही. कारण आपण गणेश चतुर्थी 'सहाव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी' असं म्हणत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थी म्हणतो. सण महिन्याच्या नावाला बांधला आहे, आकड्याला नाही. घातलेल्या महिन्याला स्वतंत्र नावही दिलं नाही, 'अधिक' म्हटलं, आणि जो मूळचा त्याला 'निज' म्हटलं, म्हणजे घोटाळा नको. संगणकाच्या कितीतरी आधी हा विचार पूर्ण झालेला आहे. आमच्याकडे यालाच आता म्हणतात की माणसाला त्याच्या जागेच्या आकड्यानं ओळखू नका, कायमचा कोड द्या. पर्लमध्ये त्यासाठी 'हॅश' आहे, ज्यात प्रत्येक नोंद तिच्या स्वतःच्या खुणेला बांधलेली असते, रांगेतल्या जागेला नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या मंडळानं हाती घेतलेलं कुटुंबांच्या नोंदीचं पुस्तक. त्याचं संगणकाचं काम माझ्याकडे आलं आहे. जमा झालेल्या वंशावळी मी पाहतो आहे. मोठ्या कष्टानं जपलेले कागद आहेत, त्यांची थट्टा करायची नाही. पण बहुतेकांत मुलगे नावानिशी क्रमानं आणि मुली खाली एका ओळीत, 'कन्या दोन'. काहींत तेवढंही नाही.

आमच्या घरचीच गोष्ट घ्या. आमच्या वंशावळीत आजोबांच्या पिढीत चार भाऊ आहेत. थोरले, मधले, आजोबा आणि धाकटे. आजोबा तिसरे. पण त्यांच्या जन्माच्या टिपणात स्वच्छ लिहिलं आहे, 'पाचवे अपत्य'. घरात कुणालाच याचा उलगडा नव्हता. टिपण लिहिणारा चुकला असेल, असं सगळे म्हणायचे. देवासला एक कुटुंब आहे, त्यांच्या आणि आमच्या लग्नकार्यांत पूर्वी जाणं-येणं होतं. नातं काय, ते जाणारे गेले आणि राहिलेल्यांना सांगता येईना, मग पत्रिका पाठवणंही थांबलं. मी वंशावळ संगणकावर घ्यायला बसलो तेव्हा घरच्या एका वृद्ध काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, देवासच्या त्या आक्का. थोरल्यांच्या पाठच्या." आणि मधल्यांच्या पाठची एक मुलगी लहानपणीच गेली होती. म्हणजे टिपण बरोबर होतं. आजोबा पाचवेच होते. वंशावळीनं दोन पाट उचलून ठेवले होते आणि बाकीच्यांना पुढे सरकवलं होतं.

त्यांना परत बसवताना मी शेवटाकडूनच गेलो. चार नावांच्या यादीत आधी धाकट्या मुलीला इंडेक्स २ ला, मग आक्कांना १ ला. हेच उलट्या क्रमानं केलं असतं तर काय झालं असतं? आक्कांच्या पाठोपाठ लगेच ती धाकटी बसली असती आणि मधले आजोबा तिसऱ्याचे चौथे झाले असते. आणि गंमत पाहा, संख्या सहाच आली असती आणि माझे आजोबा पाचवेच राहिले असते. ज्या एका पुराव्यावर मी तपासणार होतो, तो जुळला असता. म्हणून एकच आकडा ताडून थांबू नये, प्रत्येकाच्या आधी कोण आणि नंतर कोण हे पाहावं.

समितीत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला रास्त प्रश्न विचारला. मुलीला माहेरच्या यादीत घेतलं, तर ती सासरच्या यादीतही येणार. एकच बाई पुस्तकात दोनदा, मग एका ठिकाणी दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे राहिली तर? त्याचं उत्तर मघाशी सांगितलेल्या पत्त्यांत आहे. पर्लमध्ये एकच नोंद एकदाच लिहून ठेवता येते आणि तिचा पत्ता कितीही याद्यांत घालता येतो. याला रेफरन्स म्हणतात. माहेरच्या यादीत एक पत्ता, सासरच्या यादीत तोच पत्ता. जन्मसाल एकदा दुरुस्त केलं की दोन्ही ठिकाणी तेच दिसतं. बाई एकच, घरं दोन. संगणकाला यात काही अडचण नाही.

कायद्यालाही राहिलेली नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतकाच हक्क आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावी अजून सातबारावर पूर्वजांची नावं आहेत. वारस नोंदीला किंवा इथल्या फौती नामांतरणाला वंशावळ लागते आणि आत्याचं नाव गाळलेली वंशावळ पुढे सगळ्यांनाच महागात पडते. मी वकील नाही, म्हणून याबद्दल एवढंच.

तर आपल्या पुस्तकात अपत्यं जन्मक्रमानं येतील, मुलगे आधी आणि मुली नंतर असं होणार नाही, असा माझा आग्रह आहे आणि समितीनं तो मान्य केला आहे. प्रत्येक व्यक्तीला एक कोड मिळेल आणि तो पुन्हा बदलणार नाही. वीस वर्षांनी कुणाला एखादी विसरलेली पणजी सापडली तर तिला तिच्या जागी बसवता येईल आणि बाकी कुणाचा कोड हलणार नाही.

मंडपाच्या दाराशी टेबलावर कोरे फॉर्म ठेवले आहेत. घरातल्या सगळ्यांत वृद्ध बाईंना सोबत घेऊन भरा, पुरुषांना एकट्यानं भरू देऊ नका. तिसरा रकाना जन्मसालाचा आहे. साल माहीत नसेल तर रिकामा सोडू नका, कुणाच्या पाठची आणि कुणाच्या आधीची एवढं लिहा. फॉर्म अनंत चतुर्दशीपर्यंत माझ्याकडे द्या. रोज आरतीनंतर अर्धा तास मी त्या टेबलापाशी असेन.